चेहरा शेवटी काढायचा

मी रंगवलेला एकही बोर्ड आता कोल्हापुरात जागेवर नाही. राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या जिन्यात ‘चपला बाहेर काढाव्यात’ एवढी एक ओळ परवा-परवापर्यंत होती, तीही डॉक्टरांच्या सूनबाईंनी टाइल्स बसवताना घालवली. बरं झालं. त्या ओळीवर मी कधीच खूश नव्हतो.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला, “पेंटर, तुमच्या धंद्यावर लिहा.” मी म्हटलं, कुठल्या? माझे धंदे दोन. उमेदीची सगळी वर्षं बोर्ड, बॅनर आणि भिंती रंगवण्यात गेली. केस पांढरे व्हायला लागल्यावर लहान पोरांच्या चित्रपुस्तकांत शिरलो. ते म्हणाले, “दुसऱ्यावर लिहा, दिवाळीला बरं वाटेल.” तर दुसऱ्यावर लिहितो, पण पहिल्यातलं थोडं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या लाइनीत चेहरा शेवटी काढायचा असतो. मोठा बॅनर असला की आधी मागचा रंग, मग अंग, कपडे, गळ्यातली चेन, हातातलं घड्याळ, अक्षरं, सगळं उरकायचं. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा गोल ठेवायचा. माझे उस्ताद सगळं आम्हा पोरांकडून करून घ्यायचे आणि शेवटच्या दिवशी चहा पिऊन, हात धुऊन, चेहऱ्याला बसायचे. लोकांना वाटायचं ही काहीतरी मोठी साधना आहे. कसली साधना! चेहरा झाला की गिऱ्हाईक बोर्ड उचलून न्यायला बघतं. रंग ओला असतो, अक्षरं राहिलेली असतात, पण स्वतःचं तोंड दिसलं की माणसाला दम निघत नाही. म्हणून चेहरा शेवटी. एवढंच त्यातलं गुपित.

गिऱ्हाइकं तर काय एकेक भेटली! राधानगरीकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन आले. म्हणाले, बोर्डावर म्हैस पाहिजे आणि ती हसायला पाहिजे.

“म्हैस हसत न्हाय वो चेअरमन,” मी म्हटलं.

“तुमची न्हाय हसत. आमची हसती.”

वाद कोण घालणार? काढली हसरी म्हैस. आता म्हशीचं हसणं मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं, त्यामुळं बोलताना समोर चेअरमन जसे हसत होते तसं ते चित्रात उतरलं. बोर्ड लागला आणि गाव म्हणायला लागलं, म्हैस चेअरमनसारखी दिसतीया. मी दोन महिने त्या रस्त्याला गेलो नाही. पुढं कळलं, गडी खूश होता. संस्थेत आलेल्या पाहुण्याला आधी म्हशीपुढं उभं करून आपण शेजारी उभा राहायचा.

मग फ्लेक्स आलं. त्याबद्दल मी बोलणार नाही, बोललो की बीपी वाढतं. हातातला ब्रश सुटला, दोन-तीन वर्षं नुसता बसून काढली, घरात सगळ्यांवर खेकसायचो. बायको म्हणायची, “भिंतीवर राग काढता येत न्हाय म्हणून आमच्यावर काढतायसा व्हय?” खरंच होतं ते.

त्या दिवसांत मला निलूताई भेटल्या. निलूताई राजारामपुरीत राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि आपल्या फ्लॅटच्या एका खोलीतून मुलांची पुस्तकं काढायला लागल्या. मी एका बालवाडीच्या भिंतीवर ससे काढत होतो, त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “पुस्तकातली चित्रं काढाल का?”

“किती फुटांची?” मी विचारलं.

“वीतभर.”

मला हसूच आलं. वीतभर चित्रात आम्ही डोळासुद्धा बसवत नाही. पण घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा बरं, म्हणून हो म्हटलं. आज सांगतो, त्या बाईंनी मला हाताला धरून परत माणसांत आणलं. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलं की त्या “पेंटर, चित्रं कधी देताय ते बोला” म्हणतात, म्हणून इथं छापून टाकतो.

चित्रपुस्तक म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मला वाटायचं, गोष्ट लिहिलेली असते आणि शेजारी शोभेला चित्र. निलूताईंनी पहिल्याच दिवशी माझं चित्र परत केलं. गोष्टीत लिहिलं होतं, “मांजर झाडावर चढलं.” मी झाडावर चढलेलं मांजर काढलं होतं. त्या म्हणाल्या, “हे तर मी लिहिलंय की! तुम्ही नवीन काय सांगितलंत?” मग डोक्यात उजेड पडला. शब्दांनी मांजर झाडावर चढवायचं आणि चित्रानं झाडाखाली झोपलेलं कुत्रं दाखवायचं. पोरगं ते कुत्रं स्वतः हुडकतं आणि पुस्तक त्याचं होतं. शिवाय समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र असतं, त्याच्या बरोब्बर मध्ये चेहरा आला की पुस्तकाच्या शिवणीत जातो, नाक एका पानावर, कान दुसऱ्यावर. आणि पान उलटायच्या आधी पोरांनी “पुढं काय?” म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं तर चित्रकार नापास.

हे सगळं बघायला आम्ही डमी करतो. डमी म्हणजे पेन्सिलीनं काढलेलं कच्चं पुस्तक. छापायच्या आधी ते शाळेत नेऊन पोरांपुढं वाचायचं. मी पडलो बोर्डवाला, माझी डमीसुद्धा ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर असते, गुंडाळी करून एसटीनं न्यायची आणि वर्गातल्या फळ्यावर चिकटवायची. कंडक्टर विचारायचा, “पेंटर, निवडणूक लागली का काय?”

आता मुद्द्याचं.

एका वर्षी निलूताई म्हणाल्या, “पोरं एकमेकांना छळतात, त्यावर पुस्तक करू.” मी म्हटलं, त्यात काय करायचं? आम्हा कोल्हापुरातल्या माणसांचं बोलणंच असं. जिवाभावाच्या मित्राला शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही. जाड्या, काळ्या, टकल्या म्हटलं तर समोरचा खुशीत येतो, साहेब म्हटलं की घाबरतो, काय चुकलं म्हणून. निलूताई म्हणाल्या, “तेच तर. म्हणूनच इथं करायला पाहिजे. इथं छळ झाला तरी लोकांना चेष्टाच वाटते.”

गोष्ट त्यांनी लिहिली. शाळेच्या मैदानात बाळ्या नावाचा दांडगा पोरगा चिमा नावाच्या पोरीला रोज छळतो, बाकीची पोरं हसतात. शेवटी बाळ्या सॉरी म्हणतो आणि सगळे मिळून डबा खातात. मी जोर लावून चित्रं काढली. आणि घोटाळा केला.

माझ्या हाताला सवय कसली? कोल्हापुरात बोर्ड रंगवणाऱ्यानं पैलवान किती काढले असतील! कुस्तीच्या मैदानाची जाहिरात म्हटली की छाती, दंड, मांड्या, मान. त्या वळणाचं अंग काढताना माझा ब्रश आपोआप पळतो. बाळ्या दांडगा पाहिजे म्हटल्यावर मी असा काही बाळ्या काढला की विषयच नाही. भरदार छाती, घोटीव दंड, कपाळावर बट. चिमा बिचारी कोपऱ्यात, काडीसारखी. निलूताईंनासुद्धा तेव्हा काही खटकलं नाही. “ताकद आहे चित्रात,” म्हणाल्या.

डमी घेऊन आम्ही मुरगूडच्या बाजूला एका शाळेत गेलो, तिसरीच्या वर्गात. वर्गाच्या पाटीलबाई निलूताईंच्या विद्यार्थिनी. मी फळ्यावर पहिला कागद लावला आणि वर्गातनं एकच आवाज उठला, “आयो!”

“मामा, ह्यो कुठल्या तालमीचा?”

“मामा, ह्येला कोण पाडतंय का शेवटाला?”

गोष्ट संपल्यावर निलूताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “यातलं तुम्ही कोण?” सगळ्या वर्गानं बाळ्याकडं बोट केलं. पोरींनीसुद्धा! पहिल्या बाकावर रणजित नावाचा पोरगा होता, वर्गाचा म्होरक्या. तरतरीत, नकला करण्यात पटाईत, त्यानं तोंड उघडलं की वर्ग हसणार. तो उठून फळ्यापाशीच आला, बाळ्याशेजारी दंड फुगवून उभा राहिला. छळणाऱ्याची लाज वाटावी म्हणून काढलेलं पुस्तक, आणि मी त्याला हिंदकेसरी करून ठेवलेला! निलूताईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

मधली सुट्टी झाली. पोरं बाहेर पळाली. मी तोंड पाडून कागद गुंडाळत होतो, तर एक पोरगी मागं राहिली होती. दोन घट्ट वेण्या, जरा मोठ्या मापाचा गणवेश. ती आली आणि मैदानाच्या चित्रात बाळ्यावर नाही, चिमावर नाही, मागं मी जागा भरायला म्हणून पाण्याची टाकी काढली होती तिच्यावर बोट ठेवलं.

“मी हितं,” ती म्हणाली.

“हितं कुटं बाळ? हितं तर टाकी हाय.”

“टाकीच्या मागं. दिसत न्हाय.”

एवढं बोलून ती गेली. मी कागद तिथंच ठेवला. मग बाहेर जाऊन शाळेची खरी टाकी हुडकली आणि तिच्या मागं जाऊन बघितलं. भिंत आणि टाकी यांच्यामधे एक माणूस बसेल एवढी बोळ. झाडून स्वच्छ केलेली. बसायला एक चपटा दगड. ती तिथंच डबा खात बसली होती. मला बघून तिनं डब्याचं झाकण लावलं. मी गुपचूप मागं फिरलो.

तिचं नाव महादेवी. घरची मादेवी म्हणायची. पाटीलबाईंनी सांगितलं, वडील सीमेपलीकडच्या गावचे, इथल्या गुऱ्हाळावर गूळ काढायला आलेले. आईही तिथंच कामाला. घरात कानडी. पोरगी मराठी बोलायची, पण बोलण्याला कानडी वळण. आईला अव्वा म्हणायची. पहिल्या दिवशी वर्गात ती काहीतरी बोलली, रणजितनं तिची नक्कल केली, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी परत. मग ती तोंड उघडायच्या आत तो तिच्यासारखा बोलायचा आणि पोरं हसायची. आता ती वर्गात बोलतच नव्हती.

“पेंटर, कुणी मारलं असतं तर वळ दिसला असता,” पाटीलबाई म्हणाल्या. “हे नुसतं तोंडाचं. रणजितला मी बोलले, तर म्हणतो, बाई, चेष्टा केली की. खरंच त्याला चेष्टाच वाटते. आणि हसतो सगळा वर्ग. शिक्षा करायची कुणाकुणाला?”

महादेवीची आई ठरवून बसली होती, दिवाळीच्या सुट्टीत पोरीला अज्जीकडं पाठवायचं. पाटीलबाईंचा जीव तिच्यात अडकला होता. तिकडं अज्जी एकटी, म्हातारी, शेरडं राखणारी. शाळा वस्तीपासून लांब. पोरगी गेली की शेरडांमागं लागणार आणि शाळा सुटणार, हे बाईंना दिसत होतं. “हुशार आहे वो,” त्या म्हणाल्या. “पाढे असे म्हणते! मनातल्या मनात म्हणते, ओठ हलतात त्यावरनं मला कळतं.”

परतीची एसटी पकडून निलूताई आणि मी कोल्हापुरात आलो. बिंदू चौकात उतरल्यावर त्या म्हणाल्या, “सुट्टीच्या आधी परत जायचं. नवीन डमी घेऊन.” मी म्हटलं, वेळ कुठं आहे? त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.” आणि रिक्षात बसून गेल्या.

मी बाळ्या फाडून टाकला. उभं आयुष्य ज्या अंगांनी मला जेवू घातलं तसलं अंग फाडताना वाईट वाटलं, पण फाडलं. आता सगळी पोरं साध्या मापाची काढली, कुणी दांडगा नाही, कुणी काडी नाही. मैदान, टाकी, आणि मैदानात पोरांचं एक कडं. कड्याच्या मधे एक पोरगी, हातात डबा. शिवणीत जाऊ नये म्हणून तिला जरा डावीकडं घेतली. गणवेश झाले, चपला झाल्या, वेण्या झाल्या. चेहरे शेवटी काढायचे म्हणून गोल कोरे ठेवले.

आणि तिथंच गाडी अडली. मधल्या पोरीचं तोंड कसं काढू? रडकं काढलं तर महादेवीसमोर तिचंच रडकं तोंड भर वर्गात फळ्यावर टांगल्यासारखं होणार. हसरं काढलं तर धडधडीत खोटं. कड्यातली पोरं दुष्ट काढली तर वर्गातलं एकही पोर म्हणणार नाही की हा मी. रोज काढायचो, रोज खोडायचो. तेवढ्यात पाटीलबाईंचा फोन. महादेवीची आई तिला ठरल्यापेक्षा आधीच घेऊन निघाली होती. बाईंनी हातापाया पडून एक दिवस मागून घेतला होता. “उद्या या,” म्हणाल्या.

उद्या! कागदावर एकही चेहरा नाही.

धंद्यात असं मी कधी केलं नव्हतं. बिनतोंडाचा बोर्ड घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जाणं म्हणजे लाज. पण गेलो. निलूताईंना एसटीतच सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

वर्गाच्या दारात महादेवीची आई बसली होती, शेजारी पिशवी भरून ठेवलेली. मी नमस्कार केला. “पोरगी रोज रडतंय वो,” ती म्हणाली. “शाळा चांगलं हाय, बाई चांगलं हाय. पण रडतंय. घिऊन जातो मी.” महादेवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

कागद फळ्यावर लावला. वर्गात एकच कालवा.

“मामा, तोंडंच न्हाईत!”

“भुतं हायीत ही सगळी!”

“पेंटरमामा इसरलं!”

काहीतरी सारवासारव करायला पाहिजे होती. मी म्हटलं, “इसरलो न्हाय. तुमची तोंडं मला नीट ठावं न्हाईत, मी कशी काढू? ज्येनं त्येनं आपलं काढा.” हे मी वेळ मारून न्यायला म्हटलं. यात माझी काही अक्कल नव्हती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पहिला अर्थातच रणजित. पेन्सिल घेतली, कड्यातला सगळ्यात पुढचा गोल धरला आणि स्वतःचं तोंड काढलं. भांग काढला, कान काढले, मग हे एवढे दात. बत्तीसच्या बत्तीस. वर्ग खूश. दुसरा आला, त्यानंही दात काढले. तिसरीनं दात काढले आणि वर डोळे मिटलेले काढले, हसून हसून डोळे मिटतात तसे. निलूताई मला कोपरानं ढोसत होत्या, थांबवा म्हणून. पण पेन्सिल आता पोरांच्या हातात होती. फळ्यावर एकेक तोंड हसायला लागलं होतं, आणि मधे ती कोरी पोरगी डबा धरून उभी.

मग आरती नावाची एक बारीकशी पोरगी आली. तिनं डोळे काढले, नाक काढलं, आणि तोंडाच्या जागी एक आडवी रेघ मारली.

“अगं, हास की!” रणजित बाकावरनं ओरडला. “हितं हसायचं हाय.”

“मला न्हाय येत हसू,” आरती म्हणाली.

“सगळी हसाल्यात.”

“हसू देत. माझं तोंड हाय.”

आणि पेन्सिल ठेवून जागेवर जाऊन बसली. एवढीच गोष्ट घडली. पण त्यानंतर जे पोरगं आलं ते पेन्सिल धरून थांबलं. आधी झालेली तोंडं त्यानं बघितली. तोंड हसरं काढायचं का मिटलेलं, हे ज्याला त्याला ठरवावं लागत होतं, आणि हे ठरवायचं असतं हेच पोरांना ठाऊक नव्हतं. काहींनी दात काढले. काहींनी रेघ मारली. एकानं तोंडावर हात काढला. वर्गातला आवाज कमी होत गेला.

शेवटी सगळे झाले, महादेवी राहिली. कड्यात एक गोल कोरा होता, आरतीच्या शेजारचा, आणि एक मधला. पाटीलबाई हळूच म्हणाल्या, “मादेवी, येतेस?” मला वाटलं, नको, बाई, नको. ती मधे जाऊन स्वतःला काढणार आणि आपण सगळे बघत बसणार.

ती उठली. दाराकडं, आईकडं, बघितलं. फळ्यापाशी आली. पेन्सिल घेतली आणि मधल्या पोरीला वळसा घालून आरतीच्या शेजारच्या गोलापाशी गेली. तिथं तिनं आपलं तोंड काढलं. दोन वेण्या, मोठे डोळे, मिटलेलं तोंड. डोळ्यांची बुबुळं तिनं मधल्या पोरीकडं वळवली.

“आणि मधली कोण गं?” निलूताईंनी विचारलं.

सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता, दारातनं तिची आईही. किती दिवसांत ती वर्गात बोलली नव्हती.

“कोणबी,” ती म्हणाली. “मी न्हाय.”

तिचं ते कानडी हेल काढून बोललेलं ‘मी न्हाय’ मी ऐकलं आणि रणजितकडं बघितलं. आता हा नक्कल करणार. त्याचं तोंड उघडलंही होतं. पण तो चित्राकडं बघत राहिला आणि म्हणाला, “मग मधी कोण हाय?” तो उठून चित्रापाशी आला. मग म्हणाला, “बाई, खोडरबर हाय का?”

“कशाला रे?”

“दात लई झाल्यात.”

खोडले त्यानं दोनच. बाकीचे तसेच ठेवले. मी खोटं लिहिणार नाही.

तास संपला. महादेवीच्या आईनं पिशवी उचलली, पोरीचा हात धरला. मला म्हणाली, “येतो.” पाटीलबाई फाटकापर्यंत सोबत गेल्या, काय बोलल्या ठाऊक नाही. त्या मायलेकी रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभा होतो.

ते पुस्तक पुढं छापून आलं. शेवटी सॉरी नाही, मिळून डबा खाणं नाही. त्यात पोरांनी काढलेली तीच तोंडं मी जशीच्या तशी उतरवली, दातांसकट. मधला गोल कोरा ठेवा म्हणून निलूताई अडून बसल्या. मी म्हटलं, “ताई, माझं नाव आहे त्यावर. लोक म्हणतील पेंटरला चेहरा आला नाही.” आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या जिंकल्या, नेहमीप्रमाणं. आता प्रदर्शनात स्टॉलवर कुणी ना कुणी येऊन सांगतंच, “अहो, हितं छपाई राहिली की.” एका पोराचा बाप तर म्हणाला, “आमचं पोरगं मार खाऊन येतंय, ह्यात उलटं हाणायचं कसं ते हाय का?” मी म्हटलं, “न्हाय. पण पोराला विचारा, ह्यातलं तू कोण?” तो चार पावलं गेला, परत आला आणि पुस्तक घेऊन गेला. अशा गिऱ्हाइकांचे मी मनापासून आभार मानतो. बोर्ड बघून माणूस पुढं जातो, हा परत आला.

पण छपाईच्या आधीचं एक सांगायचं राहिलं.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरल्या. पाटीलबाईंना फोन करायचं धाडस होत नव्हतं. गेली म्हणाल्या तर? निलूताईही विषय काढत नव्हत्या. शेवटी मी त्यांना थाप मारली, चित्रात शाळेच्या कौलांचा रंग नीट पाहिजे, बघून येतो. त्या म्हणाल्या, “जा की. मलाही सांगा, कौलांचा रंग कसा आहे ते.” कळलं होतं बाईंना.

एसटीतनं उतरून शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टीच चालू होती. सरळ टाकीपाशी गेलो. मागं बघितलं. बोळीत पाला पडला होता, दगडावरही पाला. कितीतरी दिवसांत तिथं कुणी बसलेलं नव्हतं. म्हणजे नेलंच तिला. शेरडं राखत असेल आता. एवढा आटापिटा, एवढे कागद, आणि पोरगी गेलीच. मी मान खाली घालून मैदानातनं ऑफिसकडं निघालो. कुठून चाललोय, कुठं थांबलोय, मला भान नव्हतं.

“ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु…”

कुणीतरी कानडीत मोजत होतं. आणि एक नाही, दहा-बारा पोरं सुरात मोजत होती, मराठी पोरं, तोंडं वेडीवाकडी करत. राज्य कुणावर येतंय ते ठरवायला मोजतात तसं.

“आयदु! रणजितवर आलं!”

“ए, न्हाय! तू चुकीचं मोजलंस!”

“बरोबर मोजल्यालं हाय मी! तुला कानडी येत न्हाय तर गप की!”

मी मान वर केली. दोन घट्ट वेण्यांची पोरगी कमरेवर हात ठेवून रणजितशी भांडत होती. रणजित तणतणत होता, पण राज्य घ्यायला निघाला होता. मग तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“ओ पेंटरमामा! सरका की बाजूला! मधी कशाला उभारलायसा?”

तेव्हा मला कळलं, मी पोरांच्या कड्याच्या बरोब्बर मध्ये उभा होतो. सगळी पोरं मला हसली. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. मला फार आनंद झाला, आणि मी बाजूला सरकलो.